रोपाचे आभार मानत नाहीत

म्युन्सिंगेन, रविवार, १ मार्च

प्रिय इंकेन वहिनी,

आईने तुझं रुबार्ब उपटून टाकलं, असं मी जानेवारीच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक होतं. तुझं रुबार्ब जिवंत आहे, आणि एका गड्ड्याचे तीन झाले आहेत.

हे सगळ्यात आधी लिहिलं, म्हणजे तू पत्र इथेच ठेवून दिलंस तरी चालेल.

चूक कशी झाली तेही सांगते. पावसाच्या पाण्याच्या पिंपाजवळ, जिथे तू दिलेला गड्डा लावला होता, तिथे मला लसणाची पात दिसली. मी आईला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि त्या उत्तराचीच मला भीती होती. म्हणून मी अंदाज केला आणि तो अंदाज बातमी म्हणून तुला पाठवून दिला. दादा फोनवर म्हणाला, "रिके, काय हौस होती गं तुला हे लिहायची? दोन दिवस इंकेन धड बोलली नाही." तेव्हापासून मी नीट झोपलेले नाही. (हेही पूर्ण खरं नाही. झोपते, पण लवकर जाग येते.)

काल बर्फ वितळला. सावलीच्या भिंतीशी अजून आहे, पण खताच्या ढिगाशेजारी ऊब असते, तिथली जमीन मोकळी झाली. तिथे फर झाडाच्या फांद्या पांघरलेल्या दिसल्या. उचलल्या, तर खाली मातीतून वर आलेले लाल कोंब. बाबा हिवाळ्यात काढून ठेवलेला पिंपाचा नळ परत बसवत होते.

"बाबा, हे काय?"

"रुबार्ब."

"कुणाचं?"

"उत्तरेवालीचं, इंकेनचं. आपल्याकडे दुसरं कधी होतं?"

"पण आईने ते काढलं ना?"

"काढलं नाही, हलवलं. पिंप भरून वाहायचं, मुळं कुजायला लागली होती. ऑक्टोबरात तू उल्मला गेली होतीस ना त्या औषधविक्रीच्या प्रशिक्षणाला, तेव्हा. मला म्हणाली, फावड्याला धार लावून आणा, तिच्या मुळांना बोथट पातं लागता कामा नये."

"आणि हे मला कुणी सांगितलं नाही?"

"तू विचारलं नाहीस," बाबा म्हणाले आणि नळ आवळायला लागले.

बाकी घरी वसंत सुरू झालाय, म्हणजे बसायला खिडकीची एकही कड रिकामी नाही. दह्याच्या रिकाम्या कपांमध्ये टोमॅटोची रोपं आहेत, जुन्या वर्तमानपत्रांच्या पुड्यांमध्ये वाटाणे. भाजी धुतलेलं पाणी बादलीत, बादली रोपांना. बटाट्याला एक उकळी आली की चूल बंद, आणि पातेलं आजोबांच्या कोटात गुंडाळून कोपऱ्यात, आतल्या उबेवर शिजायला. मला अक्षरं शाळेत आली, पण कुठली साल कुठल्या बादलीत जाते ते त्याआधी आईकडून आलं होतं. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा संत्र्याची साल, जी लवकर कुजत नाही, खताच्या बादलीत टाकलीस, आणि आईने काही न बोलता ती उचलून बाहेर काढली. तुझा चेहरा मला अजून आठवतो. मला तेव्हा वाटलं, चला, आता ही घरातली झाली.

आईचा पाय जरा दुखतो. काळजीचं काही नाही.

तुझी यान्ने तीन वर्षांची झाली आणि अजून आमच्या दारातून आत आलेली नाही. नाताळात दादा म्हणाला होता, "इंकेन येईल, पण आधी आईने एक शब्द म्हणावा." तेव्हापासून तो शब्द आमच्याकडे पाहुण्यासारखा बसून आहे. त्याच्याशी कुणी बोलत नाही आणि तो उठतही नाही.

मला फक्त रुबार्बचं सांगायचं होतं.

तुझी
रिके

म्युन्सिंगेन, रविवार, ८ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. तिकडे उत्तरेत, हूसुममध्ये क्रोकस फुललेसुद्धा! इथे अजून आम्ही हातमोजे घालून कपडे वाळत घालतो. तू लिहिलंस, "जिवंत आहे हे बरं झालं. पण रुबार्ब माझ्याशी नीट वागलं नाही, अशी माझी तक्रार कधीच नव्हती." बाबा हे वाचून खूप हसले. आई हसली नाही. मात्र कार्ड फ्रिजवर तिनेच लावलं, क्रोकसचं चित्र आत आणि तुझं अक्षर बाहेर.

ते कार्ड बघून मला धीर आला. गुरुवारी आई स्टुलावर बसून टोमॅटोची रोपं मोठ्या कपांत हलवत होती. मी समोर बसले आणि विचारलं.

"आई, वहिनीला हवाय तो एक शब्द कुठला गं?"

"'चुकलं.' दुसरा कुठला असणार?"

"आणि तू तो का म्हणत नाहीस?"

"काय चुकलं ते सांगा, म्हणते मी. चार वर्षं झाली, मी रोज मनात मागे जाऊन बघते. त्या पोरीचं मी काय बिघडवलं? इथे बसली, खाल्लं, प्यायलं, आणि दुसऱ्या दिवशी निघून गेली. पेन्सिल दे."

पेन्सिलीच्या टोकाने ती एकेक रोप मातीतून अलगद उचलते. मी पेन्सिल दिली.

वहिनी, चार वर्षांपूर्वीचा तो ईस्टर मी मनात परत परत लावून पाहिला आहे. तू पहिल्या वसंतात रुबार्ब आणलंस, तेव्हा तो गड्डा ओल्या टॉवेलात गुंडाळून सगळा प्रवास मांडीवर धरला होतास. त्याआधीच्या हिवाळ्यात तुझे बाबा गेले होते आणि त्यांची रोपवाटिका विकली गेली होती. पुढच्या ईस्टरला त्याच रुबार्बच्या आंबट देठांचा केक टेबलावर होता. तू आईला विचारलंस, "तुम्हाला ते आवडलं तरी का?" आणि आई म्हणाली, "मेलेलं नाहीये ना." तू काटा खाली ठेवलास.

आता मला सांगायलाच हवं. आमच्या डोंगरावर "मेलेलं नाहीये ना" याहून मोठं कौतुक नसतं. बाबांनी हे घर बांधून पूर्ण केलं, तेव्हा आजोबा सगळीकडे फिरून आले आणि म्हणाले, "पडलेलं नाही." बाबा ते अजून लोकांना सांगतात. आमच्याकडे कुणी रागावलं नाही म्हणजे शाबासकी मिळाली. तू आमच्या घरात आलीस आणि हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण हे सांगावं लागतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

पण एवढ्यावरून कुणी चार वर्षं रुसत नाही, असं मला वाटत राहिलं. म्हणून मी पुढे विचारलं.

"आई, तिने तो गड्डा तुझ्या हातात दिला, तेव्हा तू काय म्हणालीस?"

"'पिंपाजवळ लावू.'"

"आणि?"

"आणि लावला."

"तिचे आभार नाही मानलेस?"

आईच्या हातातलं रोप तसंच राहिलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? रोपाचे आभार? मारायचं होतं का ते?"

वहिनी, मी हे लहानपणापासून ऐकत आले आहे. रोप दिलं-घेतलं तर आभार मानायचे नाहीत, नाहीतर ते धरत नाही. हेबर्ले काकू कुंपणावरून आम्हाला कलमं देतात, तेव्हा आई नुसती मान हलवते आणि हवामानाचं बोलते. हे आमच्यात इतकं मुरलेलं आहे की यात सांगण्यासारखं काही आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आता वाटतं, तुमच्याकडे हे नसेलच तर? दादा म्हणाला होता "एक शब्द", आणि आईने धरून ठेवलं "चुकलं". तो शब्द "आभार" तर नव्हता?

मी आईला हे बोलून दाखवलं. ती बराच वेळ रोपाभोवतीची माती दाबत राहिली. मग म्हणाली, "तिच्या बापाचं तेवढंच उरलं होतं. रोपवाटिका गेली, घर गेलं. तो एक गड्डा माझ्या हातात देऊन पोरगी उभी राहिली. आणि मी आभार मानून तो घालवायचा? जीभ दाताखाली धरली मी, म्हणून तो जगला."

"मग हेच तिला सांगायचंस ना!"

"सांगितलं की ते आभार मानल्यासारखंच झालं! एवढं कळत नाही तुला?"

मी माघार घेतली. आईशी वाद घालून जिंकलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. पण वहिनी, या वेळी मला खात्री आहे. मी कधी एवढ्या खात्रीने काही लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. तुला चार वर्षं ते तिरस्कारासारखं वाटत आलं, आणि त्याच चार वर्षांत आई तुझं रुबार्ब जपत होती. आता तू लिही, की तो शब्द कुठला होता.

तुझी
रिके

म्युन्सिंगेन, रविवार, १५ मार्च

प्रिय वहिनी,

मागच्या पत्रात मी लिहिलं की आई "बराच वेळ" माती दाबत राहिली. तेवढा वेळ नसेल, मला तसा वाटला.

तुझं लांबलचक पत्र मी दोनदा एकटीने वाचलं आणि मग टेबलावर मोठ्याने. तू सांगितलं नव्हतंस की मोठ्याने वाचू नकोस. ("त्या घरातली नणंद" हे शब्द मी गाळले. ते मला लागले म्हणून नव्हे, बाबांना लागले असते म्हणून.)

तर तो शब्द "आभार" होता. मी ते वाचलं तेव्हा आई म्हणाली, "हात्तिच्या!" आणि मग खुर्चीवर बसली.

तू लिहिलंस, "माझे बाबा रोपं विकून जगले. दिवसभर दारात उभं राहून लोक आभार मानायचे आणि बाबा त्यांचे. तुमची समजूत खरी असती, तर आमच्या गावात एक झाड उरलं नसतं." हे ऐकून बाबा म्हणाले, "मुद्दा आहे." आई म्हणाली, "तिकडची माती वेगळी."

तू विचारलंस, मग त्याच ईस्टरला हेबर्ले काकूंनी ट्यूलिप आणले तेव्हा आई दारात उभी राहून एवढे आभार का मानत होती? तुझ्यासमोर, तुझ्याच रुबार्बच्या वाफ्यापासून चार पावलांवर? हा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला. आईला त्यात काही अवघड वाटलं नाही. "ती कापलेली फुलं होती. त्यांना मुळं नव्हती. आठवड्यात मरणारच होती, मग आभार मानायला काय हरकत?"

बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मला हसू आलं नाही. तुला तिथे दारात उभी असलेली मी पाहिली होती, आणि तू आत निघून गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, तुला थंडी वाजत असेल.

तू शेवटी लिहिलंस, "आता मला सगळं कळलं. तरी मला तो शब्द ऐकायचाच आहे. मी त्या शब्दावर वाढले आहे. बाबांच्या रोपाला तो अजून मिळालेला नाही." हेही मी वाचलं. आई उठून खिडकीशी गेली. तिथून खताचा ढीग दिसतो.

"कोंब आता कुठे उघडायला लागलेत," ती म्हणाली. "आत्ता म्हणायचं? आणि गेलं म्हणजे?"

"आई, तुझा खरंच विश्वास आहे यावर?"

"विश्वासाचा प्रश्नच नाही. अंगावर विजेची तार पडली तर तू आधी विश्वास ठेवत बसतेस का?"

"फोनवर म्हण. जवळ जाऊन नको."

"फोन कुठे आहे? बागेच्या खिडकीत!"

वहिनी, मी तिला हट्टी म्हणाले. पहिल्यांदाच, तोंडावर. तिने मला बाहेर जिना झाडायला पाठवलं. झाडण्याची पाळी आमची आणि वरच्या भाडेकरूंची आलटून-पालटून असते, आणि या आठवड्यात तिची पाटी आमच्या दारावर आहे हे खरं, पण जिना मी सकाळीच झाडला होता.

आता एक गोष्ट लिहिते, जी लिहू नकोस असं आईने मला बजावलंय. तिचा पाय "जरा" दुखत नाही. खुब्याचा सांधा बदलायचा आहे, चौदा एप्रिलला. डॉक्टर म्हणतात, नेहमीचं ऑपरेशन आहे. मीही औषधांच्या दुकानात लोकांना दिवसभर हेच सांगते. पण आई तळघरातल्या बरण्यांना चिठ्ठ्या लावायला लागली आहे. कधी लावत नव्हती. कुठल्या बरणीत काय आहे ते तिला न बघता कळतं, मग चिठ्ठ्या कुणासाठी? काल तिने बाबांना रुबार्बचा केक शिकवला. रुबार्बचे देठ अजून यायचे आहेत, म्हणून सफरचंदांवर शिकवला. बाबा म्हणाले, "हे मी करून काय करू? खाणारी तूच." ती म्हणाली, "यान्नेला लागेल कधीतरी."

ऑपरेशननंतर दोन-तीन महिने तिला लांबचा प्रवास नाही. तुला इथे यायला मी सांगणार नाही. तू जी अट घातलीस ती मला आता योग्य वाटते. पण मी हे तुझ्यापासून लपवून ठेवलं, तर माझी आधीची पत्रंही अर्धवटच ठरतील.

आईला सांगू नकोस की मी सांगितलं. किंवा सांग. मला नक्की ठरवता येत नाही.

रिके

म्युन्सिंगेन, रविवार, २२ मार्च

प्रिय वहिनी,

ठरलं. मी आधी ठरलेलं लिहिते आणि मग कसं ठरलं ते.

आई हूसुमला येते आहे, आणि मी तिच्याबरोबर.

तू मंगळवारी आईला फोन केलास, हे मला तिने सांगितलं नाही, बाबांनी सांगितलं. तू ऑपरेशनचं विचारलंस, तिने "काही विशेष नाही" म्हटलं, मग यान्ने फोनवर आली आणि तिने विचारलं, "तुमच्याकडे गोगलगाई आहेत का?" आई म्हणाली, "पुष्कळ." यान्ने म्हणाली, "मला एक द्या." एवढंच बोलणं झालं, असं बाबा म्हणतात. पण फोन ठेवल्यावर आई बागेत गेली आणि फरच्या सगळ्या फांद्या तिने उचलून टाकल्या.

बुधवारी जेवताना ती म्हणाली, "इथून हूसुम किती लांब?"

"आठशे किलोमीटर," मी म्हणाले.

"तिथे बोललेलं इथे ऐकू येईल?"

बाबांनी चमचा खाली ठेवला. "कुणाला?"

"रुबार्बला! दुसऱ्या कुणाला? मी तिथे जाऊन म्हणेन. तिच्या दारात, तिच्या तोंडावर. इथल्या वाफ्याला पत्ता लागायचा नाही."

मी तिच्या ताटलीत पाव वाढला. बोलले असते तर तिने मत बदललं असतं.

मग तिने स्वतःच पुढे ठरवलं. तीन गड्ड्यांतला एक काढून तुला आणायचा. पानं पूर्ण उघडायच्या आत काढला तर चालतो, आणि इथल्या थंडीत अजून वेळ आहे. "बापाचं आहे, थोडं तिच्याकडे हवं," ती म्हणाली. यावर बाबांना राहवलं नाही.

"अगं, पण मग तो टोपलीतला ऐकेल त्याचं काय?"

आई जराही अडखळली नाही. "टोपली अंगणात राहील, दार लावलेलं असेल, आणि मी हळू बोलेन."

"आणि मेला तर?"

"मेला तर इथे दोन आहेत," ती म्हणाली. मग थोडं थांबून, पाव मोडता मोडता, "आणि तेही मेले, तर मेले. ऑपरेशनला आत जायच्या आधी हे काम उरकलेलं बरं."

वहिनी, हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. माझ्या आईच्या तोंडून झाडाबद्दल "मेलं तर मेलं" मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बाबा टेबलावरून उठून भांडी घासायला लागले, आणि त्यांची पाळी नव्हती.

डॉक्टरांना विचारलंय. काठी घेऊन, मधे मधे उठून चालत, जाऊ शकते. स्टुटगार्टला आणि हांबुर्गला गाड्या बदलायच्या आहेत. सामान मी घेईन, टोपली आई कुणाला देणार नाही. आम्ही दोन रात्री राहू. आईने सांगितलंय की तुझ्याकडे खताची बादली नसेल तर आम्ही साली परत घेऊन जाऊ. मी तिला म्हणाले, वहिनी रोपवाटिकेत वाढली आहे. ती म्हणाली, "संत्र्याची साल टाकली होती तिने."

एक विनंती. आई टोपली तुझ्या हातात देईल, तेव्हा तू आभार मानलेस तर ती घाबरेल. मानू नकोस असं मी सांगणार नाही. तुझं घर आहे, तुझ्या बाबांचं रोप आहे. फक्त ती घाबरली, तर रागावू नकोस.

आणि तिला तो शब्द म्हणायला कदाचित वेळ लागेल. आधी ती हवामानाचं बोलेल. मग तुमच्या पन्हाळीखाली पिंप का नाही ते विचारेल. मी मधे बोलणार नाही, दादालाही बोलू देऊ नकोस.

मी हे पत्र "यायचं का?" असं विचारायला लिहिणार होते. दोन मसुदे तसे केलेही, आणि दोन्ही फाडले (चूल पेटवायला ठेवलेत, आई म्हणते कागद चांगला आहे). आता मी विचारत नाही, कळवते आहे. दार उघडलं नाहीस, तर आम्ही बंदरावर बसून मासळीचा पाव खाऊ आणि पुन्हा येऊन घंटा वाजवू. माझं अक्षर सरळ आलंय, बघ.

शुक्रवारी कामावरून आले की गड्डा मी स्वतः काढणार आहे, बाबांनी धार लावून ठेवलेल्या फावड्याने. आणि शनिवारी, अठ्ठावीस मार्चला, सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही निघतो.

रिके